गाडीत की गाडीवर

कवळीवाल्यांच्या स्वतःच्या तोंडात सगळेच्या सगळे दात शाबूत होते आणि त्याचा त्यांच्या धंद्याला तोटाच व्हायचा. ज्याचा एक दात कधी हलला नाही तो आपलं दुखणं काय जाणणार, असं गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसायचं. तरी गावातल्या बहुतेक दातांच्या डॉक्टरांचं काम त्यांच्याकडेच यायचं. डॉक्टर तोंडाचं माप घेऊन पाठवायचे. कवळीवाले त्यात प्लास्टर ओतून साचा काढायचे, मेणात एकेक दात बसवायचे, घासून-पुसून चकचकीत करायचे आणि तयार कवळी डब्यात घालून दवाखान्यात पोचती करायचे. रस्त्यात कोणी हसलं तर ते आधी हिरडीचा रंग बघत आणि माणूस मागाहून ओळखत.

त्यांच्या बायकोला सगळे बाई म्हणत. शाळेत जन्मभर व्याकरण शिकवलं म्हणून बाई, आणि निवृत्त झाल्या तरी बाईच. दुकानाच्या पाटीवर वेलांटी चुकली असली तर बाई आत जाऊन सांगत आणि दुकानदार, भले आजोबा झालेला असो, उभा राहून ऐकत असे. कवळीवालेही त्यांना बाई म्हणत, फक्त पुढे "तू" लावत. आणि बाई एकदा बोलल्या की बोलल्या. वाक्य पूर्ण झालं, पूर्णविराम पडला, की ते खोडायचा अधिकार त्यांच्या मते खुद्द त्यांनाही नव्हता.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचा सगळा घोळ एका वाक्यावरून झाला.

फार वर्षांपूर्वी दोघं स्कूटरवरून बाईंच्या मोठ्या बहिणीकडे जेवायला निघाली होती. वाटेत पेट्रोल भरायला थांबली. त्या स्कूटरची टाकी सीटखाली, त्यामुळे बाईंना उतरावं लागलं. टाकी भरली, सीट बंद झाली, कवळीवाल्यांनी किक मारली आणि निघाले. एकटेच. कुठल्याशा डॉक्टरने वरची कवळी खालची म्हणून बसवायचा प्रयत्न केला होता, तो किस्सा ते रंगवून सांगत होते. तो त्यांनी तसाच चालू ठेवला. डॉक्टरची नक्कल केली, पेशंटची केली, स्वतःच पोट धरून हसले. बहिणीच्या दारात स्कूटर थांबवून "उतर" म्हणाले. कोणी उतरलं नाही.

बाई बसने आल्या, तेही उभ्याने. तोवर जेवणं अर्ध्यावर आली होती आणि कवळीवाल्यांच्या ताटात दुसऱ्यांदा भात पडला होता. बाईंनी चपला काढल्या, हात धुतले आणि सगळ्यांसमोर शांतपणे सांगितलं, "यापुढे मी ह्यांच्या गाडीवर बसणार नाही."

"अगं, चुकून झालं," कवळीवाले म्हणाले. इथे थांबले असते तर निभावून गेलं असतं. पण दात मजबूत असले म्हणजे जीभ ताब्यात राहतेच असं नाही. ते पुढे म्हणाले, "तशीही तू मागे बसून गप्पच असतेस. मला कसं कळणार?"

हे ऐकून बाईंच्या मेहुण्यांनीसुद्धा मान खाली घातली, आणि ते काही फार समजूतदार गृहस्थ नव्हते.

तेव्हापासून कुठल्याही समारंभाला हे जोडपं नटूनथटून एकत्र बाहेर पडायचं आणि फाटकापाशी वेगळं व्हायचं. बाई बसस्टॉपकडे, कवळीवाले स्कूटरकडे. परत येतानाही तेच. लोक आधी हसले, मग लोकांना सवय झाली. कवळीवाल्यांना मात्र झाली नाही. स्कूटरच्या आरशात मागचा मोकळा रस्ता दिसायचा, आणि तो त्यांना एक दिवसही आवडला नाही. दाताच्या कण्या केल्या, पण बाईंचा पूर्णविराम जागचा हलला नाही.

मग बाईंच्या त्या मोठ्या बहिणीची, ताईंची, नजर गेली. मेहुणे त्याआधीच गेले होते. बाई दर आठवड्याला बसने जाऊन ताईंना वर्तमानपत्र वाचून दाखवू लागल्या. वाचताना मथळ्यातल्या चुका काढायच्या, ताईंनी "पुढे वाच गं" म्हणायचं, असा त्यांचा कार्यक्रम. तो दोघींनाही जीव की प्राण होता. आणि एके दिवशी बसवाल्यांनी स्टॉप हलवून पुलापलीकडे नेला. पुलाला उभे जिने, आणि बाईंचा गुडघा त्याच सुमारास कुरकुरायला लागलेला. रिक्षावाले तेवढ्या लांब यायला तयार नसत. टॅक्सीचा प्रश्नच नव्हता; बंद गाडीत बसलं की पहिल्या वळणाला बाईंना मळमळायचं आणि दुसऱ्या वळणाला टॅक्सीवाल्याला पश्चात्ताप व्हायचा. फोनवर वाचून बघितलं. ताई म्हणाल्या, "फोनवर तू बातमी वाचतेस की मला रागावतेस, तेच कळत नाही."

मग बाई नुसत्याच वर्तमानपत्राची घडी मांडीवर घेऊन खिडकीशी बसू लागल्या. कवळीवाले कवळी घासता घासता आतून बघायचे. त्यांना फार वाईट वाटायचं. ह्या बाईला आपल्या मागे बसवून ताईंच्या दारात नेऊन सोडायचं, एवढी एकच गोष्ट त्यांना आता आयुष्याकडून हवी होती. आणि आडवं येत होतं ते एक वाक्य.

अशात त्यांच्याकडे एक दाढीवाला आपल्या वडिलांची मोडकी कवळी घेऊन आला. बर्फाच्या जुन्या कारखान्यात त्याने कंपनी काढली होती. तिथे ते तीन चाकांची विजेवर चालणारी गाडी बनवत. ते म्हणजे तो, त्याचा एक भागीदार आणि वेल्डिंगचं एक यंत्र, त्यातलं यंत्र तेवढं वेळेवर येई.

"काका, आम्ही मोबिलिटीचा प्रश्न सोडवतोय," कंपनीवाला म्हणाला.

"आमच्याकडे पण आहे तो प्रश्न," कवळीवाले म्हणाले. "दाखव तुझी गाडी."

गाडीला पुढे एक चाक, मागे दोन. समोर काच, वर छप्पर, बाजू सताड उघड्या. चालवणाऱ्याच्या पाठीमागे एक सीट. कवळीवाल्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली. बॅटरी किती चालते, चढ चढते का, बिघडली तर दुरुस्त कोण करणार, असलं त्यांनी काहीएक विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "हिच्यात बसतात की हिच्यावर?"

कंपनीवाला गोंधळला. अशा प्रश्नाची त्याने तयारी केली नव्हती. "म्हणजे... बसतात, काका."

"छप्पर आहे ना?"

"आहे."

"मग आत," कवळीवाले म्हणाले आणि तिथल्या तिथे गाडी पसंत केली. शिल्लक असलेला रंग एकच होता. खाली गुलाबी, वर पांढरा. हिरडी आणि दात. गाडी गल्लीत शिरली तेव्हा शेजारचे बँकवाले, म्हणजे बँकेतून निवृत्त होऊन कुंपणावर कोपर टेकून उभं राहण्याच्या कामाला लागलेले गृहस्थ, ओरडले, "अहो, कवळी चालायला लागली!" त्या दिवसापासून गाडीचं नाव तेच पडलं.

कवळीवाल्यांनी तिकडे कानाडोळा केला. ते थेट बाईंपुढे जाऊन उभे राहिले. "तू म्हणाली होतीस, गाडीवर बसणार नाही. कबूल. ही गाडी वेगळी आहे. हिच्यात बसायचं."

बाई चष्मा लावून बाहेर आल्या. उत्तरपत्रिका तपासावी तशी त्यांनी गाडी तपासली. "हँडल आहे," त्या म्हणाल्या. "हँडल असलं की गाडीवर."

"रिक्षाला हँडलच असतं. रिक्षावर बसतेस का?"

कुंपणापलीकडून बँकवाल्यांनी "वा!" म्हटलं. बाईंनी मान डोलावली. खोटं बोलून जिंकायचा त्यांचा स्वभाव नव्हता. "मुद्दा बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पण ही सीट बघा. नुसता पाट आहे. हात असलेल्या खुर्चीत बसतात, बिनहाताच्या खुर्चीवर बसतात. ह्या सीटला हात कुठे आहेत?"

दुसऱ्या दिवशी कवळीवाले बर्फाच्या कारखान्यात हजर. "मागच्या सीटला हात लाव," ते म्हणाले. मोठ्या कंपनीत असं कोणी सांगितलं तर त्याला आधी बाहेर बसवतात आणि मग विसरतात. इथे कंपनीवाल्याने वेल्डिंगचा चष्मा चढवला. संध्याकाळपर्यंत सीटला दोन भक्कम हात फुटले होते. गंमत म्हणजे ते हात बाकीच्या गिऱ्हाइकांनाही आवडले. एका फुलवालीने तर बादल्या अडकवायला म्हणून आणखी दोन मागितले. कंपनीवाला सगळीकडे सांगत सुटला की मागच्या सीटचे हात ही आमचीच कल्पना.

कवळीवाले विजयी मुद्रेने घरी आले. बाईंनी सीटच्या हातांवरून हात फिरवला. "छान आहेत," त्या म्हणाल्या. "सोफ्यालाही हात असतात ना?"

"असतात की."

"तुम्ही बसता कुठे?"

"सोफ्या..." कवळीवाले म्हणाले आणि त्यांनी जीभ चावली.

"वर," कुंपणापलीकडून बँकवाल्यांनी वाक्य पुरं केलं. मदतीची कोणी मागणी केलेली नव्हती.

आता कवळीवाल्यांचं डोकं सणकलं. "तुला बसायचंच नाही, सरळ सांग ना!"

"मी तसं म्हटलेलं नाही," बाई म्हणाल्या आणि आत गेल्या. जाताना गुडघ्यावर हात होता.

कवळीवाले सीटच्या नव्या हातावर डोकं टेकून बसले. बराच विचार केल्यावर त्यांना वाटलं की आपल्याला खरं कारण सापडलं. तिला भीती वाटते! पुन्हा कुठे उतरली आणि मी पुन्हा निघून गेलो तर? आता ह्या गाडीला मागे कोणी बसलंय की नाही ते कळायचं. सीटखाली कसलीशी पट्टी होती. सीटवर कवळ्यांचा डबा ठेवला तरी गाडी बायकी आवाजात बजावायची, "मागच्या प्रवाशांनी कृपया पट्टा लावावा," आणि डब्याला पट्टा बांधल्याशिवाय हलायची नाही. डॉक्टरांचे कंपाउंडर पट्टा बांधलेला कवळ्यांचा डबा बघायला मुद्दाम बाहेर येत. कवळीवाल्यांनी कंपनीवाल्याला सांगितलं, मागचं माणूस उतरलं तरी गाडीने बोललं पाहिजे. त्याने केलंही. आता सीट मोकळी झाली की गाडी किंचाळायची, "मागची सीट रिकामी आहे! मागची सीट रिकामी आहे!" गतिरोधकावर सीट नुसती उडाली तरी किंचाळायची, पण तेवढं चालायचंच.

"बघ," त्यांनी डबा उचलून बाईंना ऐकवलं. "आता तू उतरलीस की गाडीच मला सांगेल. चूक व्हायचा प्रश्नच मिटला."

बाईंनी दोनदा ऐकलं. त्यांचा चेहरा पार उतरला. "म्हणजे मी आहे की नाही," त्या म्हणाल्या, "हे तुम्हाला गाडी सांगणार."

कवळीवाल्यांनी घाईघाईने डबा परत सीटवर ठेवला. आपण काहीतरी भयंकर केलंय एवढं त्यांना कळलं, काय केलंय ते नीट कळलं नाही. नवरे मंडळींचं बहुतेक आयुष्य ह्याच अवस्थेत जातं.

ते तडक कारखान्यात गेले. "तो बोंबलणारा आवाज काढून टाक."

"काढतो, काका. पण आधी बघू तर द्या, नक्की कशाने बिनसतो. मी चालवतो, तुम्ही मागे बसा."

कवळीवाले कवळ्यांचा डबा मांडीवर घेऊन पहिल्यांदाच स्वतःच्या गाडीच्या मागच्या सीटवर बसले. सीटवर की सीटमध्ये हे बाईंनाच ठाऊक. कंपनीवाला निघाला आणि बोलू लागला. भांडवल घालायला कोणी मोठा माणूस येणार होता, त्याचं सांगत होता. गतिरोधक आला की गाडी किंचाळायची आणि तो म्हणायचा, "बघितलंत? खोटं बोलतेय!" कवळीवाले मधूनमधून "हं" म्हणत. एकदा त्यांनी विचारलं, "पण तो माणूस भरवशाचा आहे का?" उत्तर आलं नाही. वाऱ्यात त्याला ऐकूच गेलं नव्हतं.

चौकाच्या अलीकडे एक खड्डा लागला. डब्याचं झाकण उडालं आणि वरची एक कवळी उडी मारून रस्त्यावर पडली. तेवढ्यात पुढे ट्रक आडवा आल्यामुळे गाडी थांबली. "एक मिनिट हं," म्हणून कवळीवाले डबा सीटवरच ठेवून, सवयीप्रमाणे त्याला पट्टा बांधून उतरले आणि मागे जाऊन कवळी उचलली. ट्रक सरकला. धक्क्यासरशी गाडी किंचाळली, "मागची सीट रिकामी आहे!"

"परत खोटं!" कंपनीवाला खदखदून हसला आणि बोलत बोलत निघून गेला.

कवळीवाले भर रस्त्यात हातात वरची कवळी घेऊन उभे. फोन गाडीतच राहिला होता. त्यांना आधी हसू आलं. कळेल त्याला आता, वळेल, असं म्हणून ते कडेला झाले. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. पंक्चरवाल्याने दुकानातून स्टूल पुढे सरकवलं, "बसा की काका, उन्हात कशाला?"

"नको, नको. येईलच तो इतक्यात."

इतक्यात काही तो आला नाही. तशी समोरून येणारी प्रत्येक गाडी त्यांना गुलाबी वाटू लागली. पंक्चरवाल्याने पुन्हा बसायला सांगितलं. ते बसले नाहीत. बसलो तर स्टुलावरून आपण त्याला दिसणार कसे, असं त्यांच्या मनात आलं. आणि ते मनात आलं तसे ते एकदम गार पडले. ऊन असून.

पुष्कळ वेळाने कंपनीवाला आला. घामाघूम, दाढी विस्कटलेली. कारखान्यात पोचून "उतरा काका" म्हणाल्यावर त्याला कळलं होतं. वाटभर तो ह्यांच्याशी बोलत होता. "सॉरी, काका. फार सॉरी. हातातलं सगळं टाकून आलो. तुम्ही रागावलात ना?"

"नाही रे," कवळीवाले म्हणाले. "तू आलास ना परत."

घरी येऊन त्यांनी सगळं बाईंना जसंच्या तसं सांगितलं. "परत खोटं!" पर्यंत आले तेव्हा बाई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. कवळीवाले हसले नाहीत. ते कवळी हातात फिरवत म्हणाले, "मी हं हं करत होतो. त्याला ते ऐकू येत नव्हतं. मी उतरलो, तर त्याच्या बोलण्यात तसूभर फरक पडला नाही. फार वाईट वाटलं मला." मग म्हणाले, "बाई, तू तेव्हा पेट्रोलपंपावर बसली होतीस का कुठे?"

बाई हसायच्या थांबल्या. एवढ्या वर्षांत त्यांना हे कोणी विचारलं नव्हतं.

"पंपावरच्या माणसाने स्टूल दिलं होतं," त्या म्हणाल्या. "मी नाही बसले."

"का?"

"बसले असते तर लांबून दिसले नसते. तुम्ही परत येऊन तसेच पुढे गेला असतात."

"आणि मग?"

"एक बस आली, ती सोडली. तुम्ही वाटेत असाल म्हणून. मग दुसरी आली. तीही सोडली. तिसरी आली तेव्हा कळलं, तुम्ही येत नाही."

कवळीवाल्यांनी कवळी खाली ठेवली. "ताईच्या दारात मला समजलं, तू नाहीस. सगळे हसले. येईल बसने, जेवून घ्या म्हणाले. परत फिरायची मला लाज वाटली. म्हणून मी जेवायला बसलो." ते पुढे म्हणाले, "हा पोरगा आला परत. मी नाही आलो. मी चुकलो, बाई."

बाईंनी चष्मा पुन्हा काढला. त्यांचे डोळे भरून आले होते, पण सवय कुठे जाते. "एवढी वर्षं तुम्ही 'चुकून झालं' म्हणत होतात," त्या म्हणाल्या. "त्या वाक्यात कर्ताच नव्हता. मी आपली शोधत बसले होते."

दुसऱ्या दिवशी सकाळी कवळीवाले डबा घेऊन बाहेर आले तर फाटकापाशी बाई उभ्या. नीटनेटकी साडी, हातात वर्तमानपत्र. त्यांनी डबा ह्यांच्या हातातून काढून पायाशी ठेवला, मागे चढून बसल्या आणि पट्टा लावला. किंचाळणारा आवाज कंपनीवाल्याने कालच उपटून टाकला होता. कुंपणावरचे बँकवाले तोंड उघडं टाकून बघत होते. अशी संधी ते सोडणार थोडेच.

"काय बाई! मग काय ठरलं शेवटी? गाडीत, की गाडीवर?"

"ह्यांच्याबरोबर," बाई म्हणाल्या.

गाडी निघाली. कवळीवाले अवाक्षर बोलले नाहीत. त्यांचे कान नुसते मागे लागलेले. गल्ली संपेपर्यंत बाईही गप्प होत्या. मग त्यांना एका दुकानाच्या पाटीवर चुकलेला उकार दिसला. त्यावरून शाळेतली एक गोष्ट आठवली, तीवरून दुसरी, आणि त्या बोलू लागल्या. कवळीवाले मध्येच विचारत, "मग काय म्हणाली ती?" आणि बाई सांगत. असं करता करता ताईंच्या घराचं वळण आलं आणि गेलं. कवळीवाले ऐकण्यात इतके गुंगले होते की त्यांचं लक्षच नव्हतं.

बाईंना वळण दिसलं होतं. त्या बोलत राहिल्या.